सकळ लिपी ते सार्वजनिक किल्ली : मराठी गुप्तलेखनाची परंपरा आणि नवशिक्यांना कूटलेखनाची ओळख
(मैंदर्गीसारख्या सीमावर्ती गावाच्या संदर्भात)

प्रस्तावना

सोलापूर जिल्ह्याच्या अक्कलकोट तालुक्यातील मैंदर्गी हे महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्या सीमेलगतचे गाव आहे. येथील अनेक कुटुंबांत कन्नड आणि मराठी या दोन्ही भाषा सहज बोलल्या जातात. घरात एक भाषा, कचेरीत दुसरी आणि बाजारात दोन्ही, असा येथील नित्याचा व्यवहार आहे. अशा गावातील पदवीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याच्या हाती आज स्मार्टफोन असतो. त्याच्या बँकेचा व्यवहार, शिष्यवृत्तीचा अर्ज, आधार क्रमांक आणि खासगी पत्रव्यवहार त्याच एका यंत्रातून होतो. या सर्व व्यवहारांचे संरक्षण करणारे तंत्र म्हणजे एन्क्रिप्शन, अर्थात कूटलेखन होय. मात्र हे तंत्र परदेशी, केवळ संगणकतज्ज्ञांचे आणि आपल्या आकलनापलीकडचे आहे, अशी विद्यार्थ्यांची आणि बऱ्याचदा अध्यापकांचीही समजूत असते.

ही समजूत इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. मराठी भाषेत गुप्तलेखनाची किमान साडेसहाशे वर्षांची परंपरा आहे. मराठीतील आद्य गद्यग्रंथ शतकानुशतके सांकेतिक लिपीत बंदिस्त राहिला, ही वस्तुस्थिती मराठी वाङ्मयेतिहासाच्या प्रत्येक अभ्यासकाला परिचित आहे. तथापि त्या घटनेकडे कूटलेखनाच्या दृष्टीने क्वचितच पाहिले गेले. मराठी परंपरेतील उदाहरणांच्या आधारे कूटलेखनाची मूलतत्त्वे नवशिक्यांना कशी समजावता येतील आणि त्या परंपरेने गुप्ततेची कोणती किंमत मोजली, याचा शोध घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत निबंधात केला आहे. गुप्ततेचा खरा प्रश्न लिपीचा नसून किल्ली कोणाच्या हाती आहे याचा आहे, हे या निबंधाचे मुख्य प्रतिपादन आहे.

अपरिचित, सांकेतिक आणि कूट : तीन भिन्न गोष्टी

नवशिक्यांच्या मनात पहिला गोंधळ होतो तो संज्ञांचा. न कळणारी प्रत्येक गोष्ट म्हणजे गुप्त लेखन, असे त्यांना वाटते. मोडी लिपी हे याचे उत्तम उदाहरण आहे. शिवकाळात आणि पेशवाईत मजकूर गुप्त राहावा म्हणून मोडी वापरली जात असे, असे अनेकदा सांगितले जाते. वस्तुतः मोडी ही हात न उचलता जलद लिहिण्याची, राज्यकारभाराची आणि हिशेबाची खुली लिपी होती. कुलकर्णी, कारकून, सावकार असे असंख्य लोक ती लिहीत व वाचत. विसाव्या शतकात ती शाळेतून आणि व्यवहारातून गेली म्हणून आज घरातील जुने दस्त बहुतेकांना वाचता येत नाहीत. एखादी लिपी वाचणारे कमी होणे म्हणजे तिच्यातील मजकूर सुरक्षित होणे नव्हे. सीमाभागात बाहेरगावच्या गिऱ्हाइकासमोर दोन व्यापारी कन्नडमध्ये भाव ठरवतात, तेव्हाही हेच घडते. गिऱ्हाइकाला कन्नड येत असेल तर ती गुप्तता त्याच क्षणी संपते.

दुसरा प्रकार संकेतांचा आहे. जनावरांच्या बाजारात दलाल रुमालाखाली एकमेकांची बोटे धरून किंमत ठरवतात. सोलापूर जिल्ह्यातील यात्रांच्या आणि आठवडी बाजारांच्या परिसरात वाढलेल्या विद्यार्थ्याला ही पद्धत सांगून माहीत असते. बोटांच्या खुणांनी संभाषण करण्याच्या या कलेला मराठीत करपल्लवी आणि डोळ्यांच्या खुणांनी बोलण्याला नेत्रपल्लवी असे नाव आहे. व्यापारी व दलाल यांच्यातील नंदभाषाही याच वर्गात मोडते. तीत एक, दोन, तीन या अंकांसाठी भुरका, आवारू, उधानू असे वेगळेच शब्द योजले जात. येथे संपूर्ण शब्दाच्या जागी ठरवून घेतलेला दुसरा शब्द येतो. म्हणून आधी न ठरलेली कोणतीही गोष्ट या भाषेत सांगता येत नाही आणि शब्दांची यादी फुटली की सारा व्यवहार उघडा पडतो.

तिसरा प्रकार खऱ्या अर्थाने कूटलेखनाचा आहे. यात एक नियम असतो आणि त्या नियमाने कोणताही मजकूर बदलता येतो. भारतीय परंपरेत याची जाण प्राचीन आहे. वात्स्यायनाच्या कामसूत्रातील चौसष्ट कलांच्या यादीत म्लेच्छितविकल्प ही कला येते. जयमंगला या टीकेत यशोधराने तिचे कौटिलीय आणि मूलदेवीय असे प्रकार वर्णिले असून दोन्हींत अक्षरांची ठरावीक अदलाबदल केली जाते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही हेरांच्या वार्ता सांकेतिक लिपीतून पोचविण्याचा निर्देश आहे.

हे तत्त्व वर्गात फळ्यावर सहज दाखविता येते. मराठी वर्णमालेतील प्रत्येक व्यंजनाच्या जागी त्याच्या पुढचे व्यंजन लिहायचे आणि स्वरचिन्हे तशीच ठेवायची, असा नियम केला तर ‘मैंदर्गी’ या नावाचे ‘यैंधल्घी’ असे रूप होते. येथे अक्षर पुढे सरकवणे ही पद्धत होय आणि एक घर ही किल्ली होय. दोन घरे, पाच घरे अशी किल्ली बदलता येते. क पासून ळ पर्यंत ३४ व्यंजने धरली तर अशा किल्ल्या अवघ्या ३३ होतात आणि त्या सर्व तपासून पाहायला एक तासही पुरेसा होतो. पद्धत व किल्ली यांतील हा फरक विद्यार्थ्याच्या ध्यानात आला की पुढील इतिहास समजणे सुकर होते.

महानुभावांची सकळ लिपी

मराठी गुप्तलेखनाचे सर्वांत समृद्ध उदाहरण महानुभाव पंथाचे आहे. तेराव्या शतकात श्रीचक्रधरांनी या पंथाची स्थापना केली. त्यांच्या आठवणी म्हाइंभट यांनी शिष्यांकडून गोळा करून इ. स. १२७८ च्या सुमारास लीळाचरित्र सिद्ध केले. मराठीतील आद्य गद्यचरित्र म्हणून हा ग्रंथ ओळखला जातो. पंथाचे पहिले आचार्य नागदेव यांनी संस्कृतऐवजी मराठीतच रचना व्हावी असा आग्रह धरला होता, कारण सामान्य स्त्रीपुरुषांना धर्म कळावा हा त्यामागील हेतू होता. सर्वांना कळावे म्हणून लोकभाषेत लिहिलेले हे वाङ्मय पुढे कोणालाही कळू नये अशा लिपीत लिहिले गेले, हा मराठी संस्कृतीच्या इतिहासातील मोठाच विरोधाभास म्हणावा लागेल.

यादवांची सत्ता खिळखिळी करणाऱ्या खलजी आक्रमणांच्या काळात मूळ पोथ्यांची लूट झाली आणि आठवणीतून त्यांची पुनर्रचना करावी लागली, अशी पंथीय परंपरा आहे. लीळाचरित्राचे निरनिराळे पाठ उपलब्ध होतात त्याचे एक कारण हेच सांगितले जाते. चौदाव्या शतकाच्या मध्यास सकळ लिपी प्रचारात आली. तिचे श्रेय परंपरा रवळोबास यांना देते. पुढे पंथाच्या विविध शाखांनी सुंदरी, अंक, शून्य, सुभद्रा, वज्र इत्यादी अनेक लिप्या निर्माण केल्या. ग्रंथांचे पावित्र्य राखणे, अनधिकारी व्यक्तीच्या हाती शास्त्र पडू न देणे आणि विरोधकांपासून संरक्षण करणे, अशी अनेक कारणे या लिप्यांमागे अभ्यासक देतात.

रचनेच्या दृष्टीने सकळ लिपी ही प्रतिस्थापनाची पद्धत होय. देवनागरीतील एका वर्णाच्या जागी दुसरा वर्ण अथवा चिन्ह ठरलेले असते. वर उल्लेखिलेल्या घरे सरकवण्याच्या पद्धतीपेक्षा ही कितीतरी प्रगत आहे. ३४ व्यंजनांची अदलाबदल कोणत्याही क्रमाने करायची म्हटले तर होणाऱ्या किल्ल्यांची संख्या २९ वर ३७ शून्ये इतकी प्रचंड भरते. आजच्या संगणकीय व्यवहारात प्रचलित असलेल्या १२८ बिटांच्या किल्ल्यांची संख्याही जवळपास एवढीच आहे. एकेक किल्ली लावून पाहणे दोन्ही ठिकाणी सारखेच अशक्य आहे.

तरीही सकळ लिपी उकलली आणि आधुनिक कूटलेखन उकलत नाही, याचे कारण नवशिक्यांना सांगणे अगत्याचे आहे. बदललेले अक्षर प्रत्येक वेळी त्याच चिन्हाने येत असेल तर भाषेची ठेवण कायम राहते. मराठीत काही वर्ण वारंवार येतात, काही क्वचित. ‘आहे’, ‘होते’, ‘म्हणे’ अशी क्रियापदे आणि ‘ने’, ‘ला’, ‘चा’ असे प्रत्यय पुनःपुन्हा येतात. चिन्हांची मोजदाद केली तर कोणते चिन्ह कोणत्या वर्णाचे असावे याचा अंदाज बांधता येतो. नवव्या शतकात बगदादमधील अल्-किंदी या विद्वानाने वारंवारितेची ही पद्धत लिहून ठेवली होती. आधुनिक पद्धतींत एकच अक्षर दर वेळी निराळ्या रूपात येते, त्यामुळे भाषेची ही ठेवण बाहेरून दिसत नाही. किल्ल्या पुष्कळ असणे आवश्यक असते, मात्र तेवढे पुरेसे नसते, हे सकळ लिपीच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीची उकल केली आणि महाराष्ट्र सारस्वतकार वि. ल. भावे यांनी हे वाङ्मय मराठी वाचकांसमोर आणण्यास चालना दिली. ह. ना. नेने यांनी १९३० च्या दशकात लीळाचरित्राचे संपादन केले आणि १९७८ मध्ये वि. भि. कोलते यांची संपादित आवृत्ती महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रकाशित केली. या उकलीमुळे मराठी वाङ्मयाच्या आरंभकाळाचे चित्रच बदलले. ज्ञानेश्वरीच्या आधी मराठीत एवढे समर्थ गद्य होते, याचा पुरावा त्यामुळे हाती आला.

या साडेपाचशे वर्षांच्या गुप्ततेचे मूल्यमापन एकांगी होऊ नये. मठामठांतून पोथ्या टिकल्या आणि पंजाब व काबूलपर्यंत पसरलेल्या जयकृष्णी अनुयायांतही मराठी ग्रंथ जपले गेले, हे तिचे श्रेय आहे. दुसरीकडे बाहेरच्या समाजाला पंथाचे विचार वाचता आले नाहीत. जे वाचता येत नाही त्याविषयी अपसमज पसरले आणि पंथाच्या अनुयायांना दीर्घकाळ उपेक्षा व निंदा सोसावी लागली. ढोंगी या अर्थाने मराठीत रूढ झालेल्या ‘मानभावी’ या शब्दाचा संबंध पंथाच्या नावाशी जोडला जातो, यावरून त्या अपसमजाची खोली ध्यानात येते. किल्ली मोजक्या महंतांच्याच हाती राहिली. तिच्याशिवाय सामान्य अनुयायालाही पोथी वाचणे शक्य नव्हते. संरक्षण आणि बहिष्करण या दोन्ही गोष्टी एकाच किल्लीने घडल्या.

पेशवाईतील पत्र : संकेत, शिक्का आणि मोर्तब

अठराव्या शतकातील मराठी राज्यव्यवहार पत्रांवर चाले. जासूद पकडला गेला तर पत्र शत्रूच्या हाती पडण्याचा धोका नेहमीच असे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतची लढाई झाली. तिची वार्ता नानासाहेब पेशव्यांना प्रथम एका सावकारी पत्रातून कळली, असा वृत्तांत सर्वश्रुत आहे. दोन मोती, सत्तावीस मोहरा आणि मोजता न येणारा रुप्या-तांब्याचा खुर्दा गेला, अशा आशयाचा तो मजकूर होता. सदाशिवरावभाऊ आणि विश्वासराव, मोठे सरदार आणि असंख्य सैनिक हा त्याचा अर्थ पेशव्यांना उमगला. वाटेत ते पत्र कोणी वाचले असते तर त्याला ते व्यापारातील तोट्याचे पत्र वाटले असते. कूटलेखनात गुप्त मजकूर आहे हे दिसते, परंतु तो वाचता येत नाही. येथे मजकूर वाचता येतो, परंतु तो गुप्त आहे हेच दिसत नाही. मजकुराचे अस्तित्वच लपविण्याच्या या तत्त्वाला आजच्या परिभाषेत स्टेगॅनोग्राफी म्हणतात.

मराठी पत्रव्यवहारातील आणखी एक गोष्ट नवशिक्यांना उपयुक्त ठरते, ती म्हणजे शिक्का-मोर्तबाची पद्धत. पत्राच्या माथ्यावर मुद्रा असे. तिच्यामुळे पत्र कोणाचे आहे हे कळे. मजकूर संपल्यावर मोर्तबाची लहान मुद्रा उमटवली जाई, म्हणजे तिच्यानंतर कोणी काही वाढवले तर ते उघडकीस येई. लांब कागद जोडून केलेल्या दस्तांवर सांध्याच्या ठिकाणी शिक्के मारण्याचीही रीत होती. येथे मजकूर लपविण्याचा प्रश्नच नव्हता. तो कोणी लिहिला आणि तो मध्येच बदलला गेला नाही ना, एवढेच सिद्ध करावयाचे होते. आजची डिजिटल स्वाक्षरी नेमके हेच कार्य करते. महाराष्ट्रात २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उतारा उपलब्ध झाला. मैंदर्गीतील शेतकरी पीककर्जासाठी असा उतारा काढतो, तेव्हा तो कूटशास्त्राचाच उपयोग करत असतो. गुप्तता आणि प्रामाण्य ही कूटशास्त्राची दोन भिन्न कार्ये आहेत, हे शिक्का-मोर्तब आणि सातबारा यांच्या साहाय्याने जितके स्पष्ट होते तितके परकीय उदाहरणांनी होत नाही.

किल्ली पोचविण्याचा प्रश्न

१८८३ मध्ये पॅरिस येथे अध्यापन करणाऱ्या ऑग्युस्त केर्कहोफ्स यांनी लष्करी कूटलेखनावरील लेखात एक तत्त्व मांडले. पद्धत शत्रूला पूर्णपणे माहीत झाली तरी किल्ली गुप्त असेपर्यंत मजकूर सुरक्षित राहिला पाहिजे, हे त्या तत्त्वाचे सार होय. घराला कुलूप कोणत्या बनावटीचे आहे हे चोराला कळल्याने घर असुरक्षित होत नाही, या दैनंदिन अनुभवाशी ते जुळते. सकळ लिपीत पद्धत आणि किल्ली एकरूप झाल्या होत्या. लिपीचा तक्ता समजला की सर्वच पोथ्या उघडत. आजच्या प्रमाणित पद्धती मात्र प्रसिद्ध केलेल्या असतात. जगातील तज्ज्ञ त्यांतील दोष शोधतात आणि त्या परीक्षेतून उतरलेल्या पद्धतीच विश्वसनीय मानल्या जातात. ‘आमची पद्धत गुप्त आहे’ असे सांगून विकल्या जाणाऱ्या साधनांविषयी नवशिक्याने सावध राहावे, याचे कारण हेच आहे.

तथापि एक प्रश्न हजारो वर्षे अनुत्तरित होता. दूरच्या व्यक्तीला किल्ली पोचवायची कशी? महानुभावांत ती गुरूकडून शिष्याकडे प्रत्यक्ष जात असे आणि राज्यव्यवहारात विश्वासू माणूस पाठवावा लागे. ज्यांची कधी भेट झाली नाही अशा दोन व्यक्तींना गुप्त पत्रव्यवहार करणे अशक्यच होते. १९७६ मध्ये अमेरिकेतील व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी याचे उत्तर प्रसिद्ध केले. पुढील वर्षी रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी सार्वजनिक किल्लीची व्यवहार्य पद्धत सिद्ध केली. तिचे स्वरूप टपालपेटीच्या दृष्टांताने सांगता येते. गावातील पेटीत कोणीही पत्र टाकू शकतो. त्यासाठी किल्ली लागत नाही. ती उघडण्याची किल्ली मात्र एकाकडेच असते. त्याचप्रमाणे प्रत्येकाजवळ किल्ल्यांची एक जोडी असते. सार्वजनिक किल्लीने कोणीही मजकूर बंद करू शकतो आणि तो उघडतो फक्त खासगी किल्लीने.

या शोधाचा एक उपकथाभाग येथे लक्षणीय ठरतो. ब्रिटिश सरकारच्या गुप्तवार्ता केंद्रातील एलिस, कॉक्स आणि विल्यमसन यांना याच कल्पना त्यापूर्वीच सुचल्या होत्या. परंतु ते संशोधन गोपनीय ठेवल्यामुळे १९९७ पर्यंत जगाला त्याचा पत्ता नव्हता आणि उपयोगही झाला नाही. अतिगुप्ततेमुळे ज्ञानच बंदिस्त होते, हा महानुभाव वाङ्मयाचा अनुभव आधुनिक विज्ञानातही आलेला दिसतो. याउलट फिलिप झिमरमन यांनी १९९१ मध्ये पीजीपी हे साधन सर्वसामान्यांना खुले केले. त्यासाठी त्यांना अमेरिकन सरकारच्या चौकशीला तोंड द्यावे लागले. ती चौकशी १९९६ मध्ये थांबली. किल्ली सामान्य नागरिकाच्या हाती येण्याचा इतिहास येथून सुरू होतो.

आशय आणि मार्ग

२०१६ पासून व्हॉट्सॲपवरील संदेश पाठवणाऱ्यापासून स्वीकारणाऱ्यापर्यंत कूटबद्ध राहतात. सिग्नल या साधनातही हीच व्यवस्था आहे. मात्र संदेशाचा आशय लपला म्हणजे सर्व काही लपले, ही नवशिक्यांची समजूत चुकीची आहे. कोण, कोणाशी, केव्हा आणि कोठून बोलले ही माहिती वेगळी असते. तिला मेटाडेटा असे म्हणतात.

हा भेद स्पष्ट करण्यासाठी १९४२ च्या आंदोलनातील काँग्रेस रेडिओचे उदाहरण समर्पक ठरते. उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २७ ऑगस्ट १९४२ पासून मुंबईतून गुप्तपणे हे प्रसारण सुरू केले. त्याचा आशय पूर्णतः उघड होता. लोकांनी तो ऐकावा हाच उद्देश होता. लपवायचे होते ते केंद्राचे ठिकाण. म्हणून जागा वारंवार बदलली जात असे. पोलिसांनी यंत्रांच्या साहाय्याने लहरींची दिशा शोधत माग काढला आणि १२ नोव्हेंबर १९४२ रोजी केंद्र पकडले गेले. एकही शब्द कूट नसताना केवळ मार्ग उघड झाल्याने हे घडले. आज आशय कूटबद्ध असूनही मार्ग उघड राहतो. तो झाकण्यासाठी टॉरसारखी साधने आहेत. त्यांत संदेश अनेक टप्प्यांतून जातो आणि प्रत्येक टप्प्याला केवळ मागचा व पुढचा टप्पा ठाऊक असतो. व्हीपीएनमध्ये मात्र सर्व माहिती एकाच सेवादात्याकडे एकवटते. २८ एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या निर्देशांनुसार भारतातील अशा सेवादात्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षे जतन करणे बंधनकारक झाले. म्हणून या साधनावर विसंबताना विश्वास कोणावर ठेवला जात आहे, हा प्रश्न विचारावा लागतो.

राज्य, कायदा आणि नागरिकाची किल्ली

भारतात संदेश अडविण्याचा अधिकार वसाहतकाळातच कायद्यात आला. भारतीय तार अधिनियम, १८८५ आणि भारतीय टपाल कार्यालय अधिनियम, १८९८ यांनी सार्वजनिक आणीबाणी अथवा सार्वजनिक सुरक्षिततेच्या कारणास्तव संदेश व पत्रे अडविण्याची मुभा सरकारला दिली. २०२३ च्या टपाल आणि दूरसंचार अधिनियमांतही हा अधिकार नव्या रूपात कायम आहे. १८ डिसेंबर १९९६ रोजी पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संस्थेच्या याचिकेवर निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने दूरध्वनी ऐकण्याच्या अधिकारावर कार्यपद्धतीची बंधने घातली. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने गोपनीयता हा मूलभूत अधिकार असल्याचा एकमुखी निर्णय दिला.

कूटलेखनाबाबतची भूमिका मात्र द्विधा राहिली. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ने डिजिटल स्वाक्षरीला मान्यता दिली आणि त्याच कायद्याच्या कलम ६९ ने मजकूर उलगडून देण्याची सक्ती करण्याचा अधिकारही दिला. सप्टेंबर २०१५ मध्ये राष्ट्रीय कूटलेखन धोरणाचा मसुदा प्रसिद्ध झाला. मूळ मजकूर ९० दिवस जपून ठेवण्याच्या त्यातील अटीवर मोठी टीका झाली आणि मसुदा मागे घेण्यात आला. २०२१ च्या नियमांनी मोठ्या संदेशसेवांवर संदेशाचा प्रथम प्रवर्तक शोधून देण्याची जबाबदारी टाकली. त्याविरुद्ध व्हॉट्सॲपने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. अफवा, फसवणूक आणि बालकांचे शोषण यांचा तपास व्हावा ही राज्याची अपेक्षा अवाजवी नाही. परंतु एकासाठी ठेवलेला चोरदरवाजा दुसऱ्यालाही सापडू शकतो, हा तज्ज्ञांचा आक्षेपही तितकाच गंभीर आहे. विद्यार्थ्यांसमोर या दोन्ही बाजू मांडणे अध्यापकाचे कर्तव्य ठरते.

अध्यापनाची दिशा

वरील विवेचनातून नवशिक्यांसाठी काही व्यावहारिक सूत्रे निष्पन्न होतात. २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियातून प्रेरणा घेऊन अनेक देशांत ‘क्रिप्टोपार्टी’ या नावाचे मेळावे भरू लागले. तेथे जाणकार मंडळी सामान्यांना ही साधने प्रत्यक्ष हाताळायला शिकवतात. त्याच धर्तीवर महाविद्यालयांत इतिहास, मराठी आणि संगणक या विभागांनी एकत्रितपणे कार्यशाळा घेणे शक्य आहे.

अशा कार्यशाळेचा आरंभ फळ्यावरील ‘यैंधल्घी’पासून व्हावा आणि सकळ लिपीमार्गे विद्यार्थी सार्वजनिक किल्लीपर्यंत यावेत. त्यानंतर साधनांकडे वळावे. फोनला पडदाकुलूप लावले नाही तर आतील कूटलेखन व्यर्थ ठरते. संदेश कूटबद्ध असले तरी त्यांची साठवलेली प्रत तशी असेलच असे नाही. ती कूटबद्ध ठेवण्याची सोय व्हॉट्सॲपने २०२१ मध्ये दिली, परंतु वापरकर्त्याला ती स्वतः सुरू करावी लागते. प्रत्येक खात्याला निराळा परवलीचा शब्द आणि दुहेरी पडताळणी असावी. ते सर्व शब्द लक्षात ठेवणे अशक्य असल्याने पासवर्ड मॅनेजर वापरावा.

सर्वांत महत्त्वाची सूचना विश्वासाविषयी आहे. ब्राउझरमधील कुलपाचे चिन्ह मार्ग सुरक्षित असल्याचे सांगते. समोरचा माणूस प्रामाणिक असल्याचे सांगत नाही. ओटीपी मागणारा अथवा ‘डिजिटल अटक’ झाल्याची भीती घालणारा भामटाही कूटबद्ध मार्गानेच बोलत असतो. मोर्तब पाहिल्याशिवाय हुकूम खरा मानू नये, ही जुनी दक्षता येथे कामी येते. ओटीपी दुसऱ्याला सांगणे म्हणजे घराची किल्ली आपल्या हाताने देणे होय. सीमाभागातील ज्येष्ठांना हे मराठीप्रमाणेच कन्नडमध्येही सांगावे लागेल आणि ते काम तेथील द्विभाषिक विद्यार्थीच उत्तम प्रकारे करू शकतील.

समारोप

मराठी गुप्तलेखनाच्या इतिहासातून तीन निष्कर्ष हाती येतात. अपरिचित लिपी म्हणजे सुरक्षितता नव्हे. पद्धतीची गुप्तता तात्पुरती असते, टिकाऊ संरक्षण किल्लीच्या गुप्ततेतून मिळते. आणि किल्ली मोजक्यांच्या हाती राहिली की संरक्षणाबरोबर बहिष्करणही येते. महानुभावांच्या काळी सामान्य अनुयायाजवळ किल्ली नव्हती. आज ती प्रत्येकाच्या हातातील यंत्रात आहे, मात्र तिचे भान बहुतेकांना नाही. मराठीतील आद्य गद्यग्रंथाचे कुलूप उघडायला साडेपाचशे वर्षे लागली. मैंदर्गीसारख्या गावातील विद्यार्थ्याला आपल्या हातातील किल्लीची ओळख करून द्यायला एखादे सत्र पुरेसे आहे. ते घेण्याची जबाबदारी संगणक विभागाइतकीच इतिहास आणि भाषा शिकविणाऱ्या अध्यापकांचीही आहे.